वरच्या वाडीचा विमानतळ

आनंदी लग्न होऊन कोंडवळ्याला आली तेव्हा वरच्या वाडीत आठ घरं होती. गाव खाली खाडीकाठी, माडांच्या सावलीत, आणि ही आठ घरं मात्र वर सड्यावर, उघड्या जांभ्या दगडावर. खालचे लोक हसत म्हणायचे, "वयले लोक वारो खाऊन जगतत." ते अगदीच खोटं नव्हतं. पावसाळ्यात नाचणी आणि थोडं भात, चार शेरडं, आणि आठ घरांत मिळून एक विहीर. पण आनंदीला सडा आवडला. ती कुणकेश्वराकडची. लहानपणीच आई-बाप गेलेली, मामाच्या घरी कोपऱ्यात वाढलेली. वरच्या वाडीत आल्यावर पहिल्यांदा तिला कुणी न विचारता चुलीपाशी बसता आलं, दार लावता आलं, उघडता आलं. खळ्यात उभं राहिलं की मालवणच्या बाजूचा सगळा समुद्र दिसे.

नवऱ्याचं नाव गणपत धुरी. अबोल माणूस, कामाला वाघ. लग्नानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली. शेवंती नाव ठेवलं. मुलगी बोलायला लागली ती थांबेचना. बापाच्या वाट्याचं बोलणं हीच बोलते, असं वाडीतली महादूची आई म्हणायची. तिसरं सरून चौथं लागलं आणि आश्विनात तापाची साथ आली. पाचव्या दिवशी पोर गेली. लहान मुलाला जाळत नाहीत. गणपतने तिला घरामागच्या रातांब्याखाली पुरलं. जांभ्यात खड्डा फोडून, खालून टोपल्या-टोपल्यांनी माती आणून सासऱ्याने ते झाड लावलं होतं. सड्यावर खोल माती म्हणून तेवढ्याच जागी होती.

आनंदी रोज दुपारी भांडी घासायला त्या झाडाखाली बसू लागली. रडत नसे. भांडी घासता घासता दिवसभराचं काय काय सांगत बसे.

त्यानंतर दीडच वर्षाने, त्रेचाळीस सालच्या फेब्रुवारीत, एक गोरा अधिकारी मामलेदारांना घेऊन सड्यावर आला. लढाई चालू होती. समुद्रावर पहारा करणाऱ्या विमानांना उतरायला जागा हवी होती, आणि कोंडवळ्याचा सडा तळहातासारखा सपाट. पंधरा दिवसांत वाडी मोकळी करा, म्हणून सांगितलं. लढाई संपली की जमीन परत मिळेल, असंही सांगितलं. कुणी कागद मागितला नाही, कुणी दिला नाही. लोकांनी कौलं उतरवली, वासे काढले, देव टोपलीत घातले आणि सगळं डोक्यावरून खाली नेलं. खालच्या गावाने माडाखाली चार-चार हात जागा दिली. आनंदी शेवटच्या खेपेला रातांब्याजवळ गेली, खोडावर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि खाली उतरली. लढाई संपेपर्यंतच जायचंय, असं तिने मनाला सांगितलं.

सडा सपाट करायला मजूर हवे होते. घर गेलेल्या माणसांनाच ते काम मिळालं. गणपतही गेला. आपलंच जोतं आपल्याच हातांनी फोडून आला. त्या संध्याकाळी आनंदीने विचारलं, "रातांबो?"

"तोडलो," गणपत म्हणाला.

"आणि थंय?"

"सगळा एकसारख्या केल्यानी. माका काय एक कळाक नाय." आणि तो पाय धुवायला निघून गेला. त्या विषयावर नवराबायको त्यानंतर पंधरा वर्षं बोलली नाहीत. काम संपल्यावर गणपत मुंबईला गोदीत लागला. वर्षातून दोनदा घरी यायचा, चतुर्थीला आणि मे महिन्यात. पुढे दोन मुलगे झाले. तेही शाळा सुटताच बापाच्या मागोमाग मुंबईला गेले.

लढाई संपली, सैन्य गेलं, देश स्वतंत्र झाला. जमीन काही परत आली नाही. महादूचा बाप मालवणच्या कचेरीत खेटे घालून थकला. तिथे कारकून सांगत, "ती जागा आता सरकारच्या विमान खात्याकडे आहे. वरून हुकूम येईल तेव्हा बघू." काटेरी तार गंजून पडली. धावपट्टीच्या भेगांतून गवत उगवलं. आनंदी शेळ्या घेऊन वर जायची आणि शोधायची. विहिरीपासून आपलं घर सत्तर पावलं, घरामागे झाड सात पावलं, हे तिला पाठ होतं. पण विहीरच बुजवलेली. कुठून मोजायचं? कधी वाटे इथे, कधी वाटे छे, पलीकडे. दहा वर्षं शेळ्या चरल्या आणि दहा वर्षं तिने तो सडा पायाखाली घातला. एक खूण म्हणून सापडली नाही.

सत्तावन्न सालच्या पावसाळ्यानंतर कोंडवळ्यात बातमी आली की सड्यावर आता साधी माणसं विमानात बसणार, मुंबईहून बेळगावला जाणारं विमान आठवड्यातून दोनदा इथे उतरणार. खात्याचे हर्डीकर नावाचे अधिकारी आले. पुण्याचे, पन्नाशीला टेकलेले, उन्हात टोपी न घालणारे. त्यांनी सैन्याची जुनी पत्र्याची शेड झाडून कचेरी केली, बाहेर बाकं टाकली, खांबाला वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी बांधली. उतारूंना पाणी द्यायला आणि झाडलोट करायला एक बाई हवी, असं त्यांनी गावात सांगून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदी शेडच्या दारात उभी.

"या आधी कुठे काम केलंय?" हर्डीकरांनी विचारलं.

"नाय सायब."

"मग जमेल? रोज सडा चढून यावं लागेल."

"माका सवय आसा," ती म्हणाली, आणि मग ऑफिसात बोलायचं म्हणून जपून शुद्ध बोलली, "मी पूर्वी इथंच राहत होते."

हर्डीकरांना वाटलं, इथं म्हणजे कोंडवळ्यात. त्यांनी नाव लिहून घेतलं.

काम तिला आवडलं. सकाळी खालून दोन कळशा पाणी आणून माठ भरायचे, शेड झाडायची, धावपट्टीच्या कडेने मांडलेल्या दगडांना चुना लावायचा. दगडांना चुना लावताना ती प्रत्येक दगडापाशी थोडं थांबायची, आजूबाजूला बघायची. हर्डीकर म्हणायचे, "आनंदीबाई, एवढं सावकाश लावलात तर पुढल्या वर्षी संपेल." ती हसायची आणि पुढच्या दगडाकडे सरकायची.

पहिलं विमान दिवाळीनंतरच्या मंगळवारी आलं. सगळा गाव सड्यावर. केळीचे खांब, ताशे, नारळ. विमान कंपनीने सांगितलं होतं की गावातल्या दहा-बारा प्रतिष्ठितांना आकाशातून एक फेरी मारून आणू. सरपंच नवा कोट घालून आले होते. विमान उतरलं, त्याच्या पंख्यांनी जी धूळ आणि जो आवाज उठवला त्याने ताशे बंद पडले, दोन बैल दावं तोडून पळाले. दार उघडलं, शिडी लागली. सरपंच दोन पायऱ्या चढले आणि तिथूनच वळून म्हणाले, "पयली इतर मंडळी जाऊं देत. माका पित्ताचो त्रास आसा." त्यांच्यामागचे व्यापारी म्हणाले, आमचा आज उपास. बघता बघता शिडीपाशी कुणी उरलं नाही. वैमानिक घड्याळ बघू लागला. हर्डीकरांचा चेहरा पडला. त्यांनी आपल्या माणसांकडे पाहिलं. "अरे, निदान तुम्ही तरी या!"

आनंदीने हातातला तांब्या माठावर ठेवला, पदर खोचला आणि शिडी चढली. खालून महादूची आई ओरडली, "गो आनंदी, खुळा लागला काय तुका?" आनंदीने वळून पाहिलं नाही. कशाला चढली, ते तिलाही तेव्हा सांगता आलं नसतं.

विमान धावलं, हादरलं आणि एकदम हलकं झालं. ती खिडकीपाशी होती. आधी नुसता समुद्र दिसला, मग मालवणचा किल्ला, पाण्यावर ठेवलेल्या ताटाएवढा. मग विमान वळलं, तिच्या बाजूचा पंख खाली झुकला, आणि अख्खा सडा तिच्या डोळ्यांसमोर आला.

गवत सुकायला लागलं होतं. पण ते सगळीकडे सारखं सुकलं नव्हतं. जिथे मातीखाली जुनी जोती होती तिथे माती पातळ, तिथलं गवत आधी वाळून पांढुरकं झालं होतं. पिवळ्या सड्यावर पांढुरक्या रेघा उठल्या होत्या. सरळ रेघा, चौकोन. कुणी तांदळाच्या पिठाने रांगोळी काढावी तशी वरची वाडी सड्यावर काढलेली होती. तीन घरं धावपट्टीने खाल्ली होती, पाच होती. हे महादूचं, हे राधाबाईंचं, ही मधली पाणंद. आणि धावपट्टीच्या पलीकडे एक गोल, गर्द हिरवा ठिपका. बाव! बुजवलेल्या विहिरीतली माती खोल, तिथे ओल टिकली होती. तिथून डोळे सत्तर पावलं चालत आले. धावपट्टीच्या कडेने अर्धा तुटलेला चौकोन, ते तिचं घर. आणि त्याच्या मागे, वाऱ्याच्या पिशवीच्या खांबापासून थोडं अलीकडे, माणूस पाय पोटाशी घेऊन बसेल एवढाच एक हिरवा तुकडा.

तिने काचेला कपाळ टेकलं. हर्डीकरांनी बळेच चढवून तिच्या शेजारी बसवलेला कचेरीतला शिपाई घाबरून डोळे मिटून रामनाम घेत होता, त्यामुळे तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. विमानाने दुसरा वळसा घेतला. तिने पुन्हा पाहून घेतलं. खांब, तिसरा चुन्याचा दगड, आणि त्या दोघांच्या मध्ये. ती ओठांतल्या ओठांत म्हणत राहिली, "तिसरो धोंडो, तिसरो धोंडो."

उतरल्यावर लोकांनी तिला घेरलं. काय दिसलं? चक्कर आली काय? ती माठावरचा तांब्या उचलून पाणी वाटू लागली. विमान बेळगावकडे गेलं, माणसं पांगली, तेव्हा ती त्या जागी गेली आणि खाली बसली. जमिनीवरून बघितलं तर तिथे काहीच नव्हतं. गवत, गवतासारखं. पण एक नवी गोष्ट तिला दिसली. तिथे चार खुंट्या ठोकून सुतळी ओढलेली होती.

हर्डीकर मागून आले. "आनंदीबाई, उद्या इथे खड्डा खणायचाय. पेट्रोलची पिंपं ठेवायला. जपून, सुतळीत पाय अडकेल."

ती उठली नाही. म्हणाली, "सायब, हंय खणू नकात."

"का?"

"हंय माजा चेडू आसा."

हर्डीकरांना आधी कळलं नाही. मग तिने सगळं सांगितलं. वाडी, ताप, झाड, सत्तर पावलं. वरून काय दिसलं ते सांगितलं. शुद्ध बोलायचं ती विसरून गेली होती. हर्डीकर उन्हात उभं राहून ऐकत होते. सगळं ऐकून झाल्यावर ते खाली वाकले, एकेक करून चारी खुंट्या उपटल्या आणि लांब लांब पावलं टाकत शेडच्या मागच्या बाजूला गेले. तिथे त्यांनी त्या पुन्हा ठोकल्या. नकाशावर त्यांनी काय कारण लिहिलं ते देव जाणे.

मे महिन्यात गणपत मुंबईहून आला. आनंदीने त्याला जेवू घातलं, हात धुऊ दिला, आणि मग सांगितलं, "शेवंतीची जागा माका गावली."

गणपत हात पुसता पुसता थांबला.

"खांबाच्या अल्याड. तिसऱ्या धोंड्याजवळ," ती म्हणाली.

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माका म्हायत आसा."

"काय म्हायत आसा?"

"थंयच आसा ती. मी मुळां काढूक दिवक नाय." एवढं बोलल्यावर त्याला थांबता येईना. झाड दुसऱ्यांनी तोडलं होतं. जमादार पंजाबी होता, त्याने मुळं खणून काढायचा हुकूम दिला. गणपतला हिंदी येत नव्हती. त्याने पहार टाकली, जमादारासमोर गुडघे टेकले आणि जमिनीपासून हातभर उंचीवर तळवा धरून दाखवला, एवढीशी होती म्हणून. मग मातीकडे बोट केलं. जमादार बघत राहिला. मग त्याने बाकीच्या माणसांना हाकलून लावलं आणि त्या जागेवर दोन गाड्या माती टाकून वरूनच सपाट करायला सांगितलं. "त्येचे डोळे भरले होते गो," गणपत म्हणाला. "त्येकाय खंयतरी पोर असतला."

"आणि तुमी माका सांगूक नाय?" आनंदीचा आवाज चढला. "धा वर्सां मी त्या सड्यार कुत्र्यासारख्या हुंगत फिरलंय. तुमका दिसूक नाय?"

"तेव्हा सांगलंय असतंय तर तू तारेखालसून भितर गेली असतंस. बंदुकवाले होते."

"आणि मगे?"

"मगे उशीर झालो," तो म्हणाला. "येवड्या वर्सांनी खंयच्या तोंडान सांगतलंय?"

दोन दिवस आनंदी त्याच्याशी बोलली नाही. त्याला जेवण वाढायची आणि मागच्या दारी जाऊन बसायची. तिसऱ्या दिवशी कामावर निघताना ती दारात थांबली आणि म्हणाली, "येतात?" तो लगेच उठला. दोघं सडा चढून गेली. तिने हर्डीकरांना सांगितलं, "ह्ये आमचे." हर्डीकरांनी नमस्कार केला आणि कचेरीत निघून गेले. तिसऱ्या दगडापाशी नवराबायको थोडा वेळ बसली. गणपतने मुंबईहून आणलेल्या बिस्किटांचा पुडा फोडून तिथे ठेवला. शेवंती गेली तेव्हा त्याने बिस्कीट नावाची वस्तू पाहिलीही नव्हती.

पुढची चार वर्षं आनंदीच्या आयुष्यातली चांगली वर्षं. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी साडेदहा. त्याआधी शेळ्या-म्हशी धावपट्टीवरून हुसकायच्या, माठ भरून ठेवायचे. नव्या नवऱ्या उतरत, आजारी माणसं चढत, मे महिन्यात आंब्यांच्या पेट्या जात आणि शेड हापूसच्या वासाने भरून जाई. कुणाला विमानात उलटी झालेली असे, त्याला ती पाठीवर हात फिरवून पाणी पाजायची. मुंबईला निघालेल्या एका म्हातारीने तिला विचारलं होतं, "वर देव दिसता काय गो?" आनंदी म्हणाली होती, "खाली बघ आजये. खालीच सगळा दिसता."

एकसष्ट सालच्या डिसेंबरात पुन्हा सैन्य आलं. गोव्याकडे काहीतरी होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. एका दुपारी ट्रकांची रांग सडा चढली आणि हर्डीकरांनी सगळ्यांना घरी पाठवलं. "काही दिवसांचा प्रश्न आहे, आनंदीबाई." असलंच आश्वासन तिने या सड्यावर पूर्वीही ऐकलं होतं. ती घरी गेली, पण तिला अन्न गोड लागेना. रोज सकाळी खालच्या माडांतून वर बघत उभी राहायची. या वेळी मात्र सांगणाऱ्यांनी शब्द पाळला. जानेवारीत बोलावणं आलं. ती धापा टाकत वर पोचली. खांबापाशी एक तंबू उभा केलेला होता, त्याच्या खुंट्यांची भोकं राहिली होती. आणखी काही नाही. तिने भोकं पायाने माती सारून बुजवली आणि माठ घासायला घेतले.

पुढच्याच वर्षी हर्डीकरांची बदली झाली. मग हळूहळू विमान रोडावलं. नद्यांवर पूल झाले, गाड्या वाढल्या, मुंबईची माणसं रात्रभर बसून सकाळी दारात उतरू लागली. आधी शुक्रवार गेला, मग पावसाळ्यानंतर मंगळवारही सुरू झाला नाही. पासष्ट साली कंपनीने कारभार गुंडाळला. खात्याने आनंदीला राखणदार म्हणून आणखी तीन वर्षं ठेवलं, आणि मग तीही जागा रद्द झाल्याचा कागद आला. किल्ल्या घ्यायला मालवणहून आलेल्या माणसाला तिने शेड झाडून दिली.

गणपत गोदीतून सुटून घरी आला होता. तो म्हणायचा, बरं झालं, आता जागा परत मिळेल. आनंदीच्या जिवाला मात्र वेगळाच चटका लागला होता, आणि तो सांगितला असता तर लोक हसले असते. ज्या विमानतळाने तिची वाडी पुसली, त्याच विमानतळाची तिला आता आठवण येत होती. शेडची, घाबरलेल्या उतारूंची, दुरून डोंगरामागे ऐकू येणाऱ्या त्या घरघरीची. एकाच सड्यावरून ती दोनदा उठली होती.

एकोणसत्तर सालच्या मार्गशीर्षात तिच्या नावाने एक पत्र आलं. तिच्या आयुष्यातलं पहिलं. खालच्या शाळेतल्या सरलाबाईंकडे ती ते घेऊन गेली. पत्र हर्डीकरांचं होतं. सेवेतून निवृत्त होऊन ते पुण्यात राहत होते.

"लिहितात," सरलाबाई म्हणाल्या, "की प्रकृती बेताची आहे. तुमच्या मालकांना नमस्कार सांगितलाय. आणि पुढे लिहिलंय, मंगळवारी सकाळी साडेदहा वाजले की अजून घड्याळाकडे लक्ष जातं. कोंडवळ्याचं काय झालं, ते कळवा."

आनंदी पायरीवर बसून ऐकत होती. "त्येंका लिवा," ती म्हणाली, "मीय बघतंय."

"काय बघता?"

"वर."

सरलाबाईंनी पेन उचललं, थोडा विचार केला आणि तिने सांगितलं तेवढंच लिहिलं.

"आणखी?"

"लिवा, विमान येणा नाय. धावपट्टीर लोक भात वाळवतत, पोरां सायकल शिकतत. शेडीचे पत्रे वाऱ्यान गेले. जागेचो हुकूम अजून येवक नाय, पण आमका आता कोण अडवणा नाय." शाळेतली मुलं पाढे म्हणत होती. "आणि तब्येत सांभाळा म्हणून लिवा. आणि मे म्हयन्यात येवा म्हणून लिवा. एस्टी आता दारापर्यंत येता."